आठ सप्टेंबर : एकाच जन्मदिनाचे गायक-संगीतकार

८ सप्टेंबर हा भूपेन हजारिका (१९२६) आणि आशा भोसले (१९३३) या दोन भारतीय गायकांचा समान जन्मदिन. अमेरिकी कंट्री संगीताचे जनक मानले जाणारे जिमी रॉजर्स (१८९७), त्याच परंपरेतील गायिका पॅट्सी क्लाइन (१९३२), पॉप गायिका पिंक (१९७९), रॅपर विझ खलिफा (१९८७) आणि स्वीडिश डीजे अविची (१९८९) हेही याच तारखेचे. चेक संगीतकार अंतोनिन द्वोर्झाक (१८४१) अभिजात परंपरेतले असले, तरी त्यांना वगळून ही नोंद पुरी होत नाही. त्यांच्या न्यूयॉर्कमधल्या वास्तव्यापासून निघालेला एक धागा थेट हजारिकांपर्यंत येतो.

एका तारखेला जन्मलेल्या माणसांत त्या तारखेमुळे कसलेही नाते निर्माण होत नाही. तरीही अशी माणसे शेजारी ठेवून पाहिली, की एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत राहणारी संगीते एकमेकांना कुठे भेटली हे दिसू लागते. या तारखेच्या बाबतीत त्या भेटी खऱ्या आहेत.

भूपेन हजारिका आणि आशा भोसले

भूपेन हजारिका यांचा जन्म आसामच्या पूर्व टोकाला, सदिया येथे झाला. दहा भावंडांत ते थोरले. बालपणी तेजपूरला ज्योतिप्रसाद आगरवाला आणि बिष्णुप्रसाद राभा या दोन मोठ्या कलावंतांच्या नजरेत हा मुलगा भरला, आणि १९३९ च्या ‘इंद्रमालती’ या आसामी चित्रपटात तो गायला. पुढे बनारस हिंदू विद्यापीठातून राज्यशास्त्रात एम. ए. आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून १९५२ मध्ये डॉक्टरेट. प्रबंधाचा विषय होता प्रौढशिक्षणात दृक्‌श्राव्य साधनांचा वापर. हजारिका गाण्याकडे लोकांशी बोलण्याचे साधन म्हणून पाहत राहिले, ती दृष्टी या प्रबंधातही आहे. १९६७ ते १९७२ या काळात ते आसाम विधानसभेत अपक्ष आमदार होते. ‘चमेली मेमसाब’ (१९७५) साठी त्यांना उत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आशा भोसले यांचा जन्म तत्कालीन सांगली संस्थानातील गोआर या गावचा. वडील मास्टर दीनानाथ मंगेशकर मूळचे गोव्यातील मंगेशीचे, संगीत रंगभूमीवरचे नामवंत गायक-नट. १९४२ मध्ये पुण्यात ते वारले, तेव्हा आशा नऊ वर्षांच्याही नव्हत्या. घर चालवण्यासाठी थोरली बहीण लता चित्रपटात शिरली आणि पाठोपाठ आशाही. १९४३ च्या ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटात दत्ता डावजेकरांच्या संगीतात त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. हिंदीतला पहिला चित्रपट ‘चुनरिया’ (१९४८).

त्यानंतरची वाटचाल सरळ नव्हती. मोठ्या संगीतकारांची पहिली पसंती दुसरीकडे असे आणि आशा यांच्या वाट्याला खलनायिकेची, नर्तिकेची, क्लबमधली गाणी येत. ओ. पी. नय्यर यांनी ‘नया दौर’ (१९५७) मध्ये त्यांना नायिकेचा आवाज दिला. राहुल देव बर्मन यांच्याबरोबर ‘तीसरी मंज़िल’पासून (१९६६) एक वेगळाच ताल सुरू झाला. खय्याम यांनी ‘उमराव जान’साठी (१९८१) त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावले, आणि ज्यांना त्या केवळ उडत्या गाण्यांच्या वाटत होत्या त्यांची तोंडे कायमची बंद झाली. त्या गझलांसाठी पहिला राष्ट्रीय पुरस्कार, ‘इजाज़त’साठी (१९८७) दुसरा. मराठीत हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली, सुरेश भट आणि शांता शेळके यांचे शब्द आणि आशा यांचा आवाज असे जे जमून आले, ते मराठी भावगीतातले सर्वोत्तम काम आहे, असे या नोंदीचे मत. वाक्यातल्या एखाद्याच शब्दावर श्वास टाकून अर्थ वळवण्याची त्यांची हातोटी तिथे सर्वांत उघड दिसते. २०११ मध्ये गिनेस बुकाने सर्वाधिक ध्वनिमुद्रणांसाठी त्यांची नोंद घेतली.

हजारिकांचे नंतरचे बरेचसे आयुष्य मुंबईत गेले आणि ५ नोव्हेंबर २०११ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. कल्पना लाजमी यांच्या ‘रुदाली’ (१९९३) या चित्रपटात या दोघांचे काम एकत्र ऐकता येते : संगीत हजारिकांचे, शब्द गुलज़ारांचे आणि गाणाऱ्यांत लता मंगेशकर, आशा भोसले व स्वतः हजारिका. दादासाहेब फाळके पुरस्कार दोघांनाही मिळाला, हजारिकांना १९९२ सालचा आणि भोसले यांना २००० सालचा. पद्मविभूषणही दोघांना, हजारिकांना मात्र मरणोत्तर. २०१९ मध्ये हजारिकांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले. लोहित नदीवरील ढोला ते सदिया या ९.१५ किलोमीटर लांबीच्या पुलाला त्यांचे नाव आहे. २६ मे २०१७ रोजी तो वाहतुकीला खुला झाला, आणि त्यांच्या जन्मगावाला नावेवाचून पोहोचता येऊ लागले.

तारीख आणि तिथी

इंग्रजी तारखेने एक असलेला हा जन्मदिन पंचांगाने एक नाही. ८ सप्टेंबर १९२६ ला श्रावणातली अमावास्या नुकतीच उलटली होती. म्हणजे हजारिकांचा जन्म भाद्रपदाच्या शुद्ध पक्षात, गणेश चतुर्थीच्या तोंडावर झाला. १९३३ साली त्याच तारखेला भाद्रपदी पौर्णिमा होऊन गेली होती आणि वद्य पक्ष, म्हणजे पितृपक्ष चालू होता. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असते आणि अधिक मासाने ती तूट भरून काढली जाते. त्यामुळे तिथी आणि तारीख यांची जोडी साधारण १९ वर्षांनी पुन्हा जुळते. सात वर्षांच्या अंतराने ती जुळत नाही. घरातले वाढदिवस तिथीने करणाऱ्या जुन्या पिढीने या दोघांना एका दिवसाचे मानलेच नसते.

न्यूयॉर्कचा धागा

द्वोर्झाक यांचा जन्म प्रागजवळच्या नेलाहोझेवेस गावी, खानावळ आणि खाटकाचा धंदा करणाऱ्या घरात झाला. १८९२ मध्ये जेनेट थर्बर या बाईंनी त्यांना न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचे संचालक म्हणून बोलावले आणि ते १८९५ पर्यंत तिथे राहिले. या संस्थेत हॅरी बर्ले हा कृष्णवर्णीय तरुण शिकत होता. गुलामगिरीत राबलेल्या आजोबांकडून ऐकलेली भक्तिगीते, म्हणजे ‘स्पिरिच्युअल’, तो द्वोर्झाक यांना गाऊन दाखवी. या गीतांच्या पायावरच अमेरिकेचे पुढचे संगीत उभे राहील, असे द्वोर्झाक यांनी १८९३ मध्ये जाहीरपणे सांगितले. वर्णभेद कायद्यात लिहिलेला होता त्या काळात हे म्हणायला धैर्य लागत होते. त्यांची नववी सिंफनी, ‘नव्या जगातून’, १६ डिसेंबर १८९३ रोजी कार्नेगी हॉलमध्ये सादर झाली. तिच्या संथ भागातील सुरावटीला विल्यम आर्म्स फिशर या शिष्याने १९२२ मध्ये शब्द दिले. ते गाणे इतके पसरले, की पुष्कळांना ते जुने स्पिरिच्युअलच वाटते.

बर्ले यांनी पुढे ही भक्तिगीते एका आवाजासाठी आणि पियानोसाठी बांधली आणि ती मैफलीच्या मंचावर आणली. त्या मंचावरून ती जगभर नेणारा सर्वांत मोठा आवाज अमेरिकी कृष्णवर्णीय गायक-नट पॉल रोबसन यांचा. १९२५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी संपूर्ण कार्यक्रम ही भक्तिगीते आणि कृष्णवर्णीयांची इतर गीते यांचाच केला.

हजारिका १९४९ नंतर कोलंबियात शिकत होते, तेव्हा रोबसन यांची त्यांच्याशी गाठ पडली. समाजात बदल घडवण्यासाठी गाणे वापरता येते, हा धडा आपण रोबसन यांच्याकडून घेतला, असे हजारिका सांगत. १९५० मध्ये अमेरिकी सरकारने रोबसन यांचा पासपोर्ट काढून घेतला. म्हणजे हजारिकांना भेटलेला गायक आपल्या डाव्या आणि वर्णभेदविरोधी मतांची किंमत मोजत होता. रोबसन यांच्या आवाजात गाजलेले मिसिसिपी नदीवरचे गाणे मुळात जेरोम कर्न आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांनी १९२७ च्या ‘शो बोट’ या संगीतिकेसाठी रचले होते. त्यापासून प्रेरणा घेऊन हजारिकांनी ‘बिस्तीर्ण पाररे’ रचले. मूळ गाण्यात माणसांच्या कष्टांकडे न पाहता नदी वाहत राहते आणि गाणारा थकून जातो. हजारिकांनी मात्र नदीलाच जाब विचारला : दोन्ही काठांवरच्या असंख्य लोकांचा हाहाकार ऐकूनही, बा म्हाताऱ्या लुइता, तू वाहतोस का? लुइत म्हणजे ब्रह्मपुत्रा. पंडित नरेंद्र शर्मा यांच्या हिंदी शब्दांत लुइतची गंगा झाली आणि गाणे देशभर गेले.

द्वोर्झाक, बर्ले, रोबसन, हजारिका. या साखळीच्या दोन्ही टोकांना ८ सप्टेंबरला जन्मलेली माणसे आहेत. तारीख योगायोगाची, साखळी नव्हे.

आणखी एक बारीकशी जोड आशा भोसले यांच्याकडे जाते. १८९३ च्या उन्हाळ्यात आयोवातल्या स्पिलव्हिल या चेक वस्तीत राहून द्वोर्झाक यांनी दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो यांच्यासाठी एक चतुष्क लिहिले. नेमक्या याच चार वाद्यांच्या क्रोनोस क्वार्टेटबरोबर २००५ मध्ये आशा भोसले यांनी राहुल देव बर्मन यांची गाणी नव्याने गायली. त्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी नामांकन मिळाले. उस्ताद अली अकबर खाँ यांच्याबरोबरच्या बंदिशींच्या ध्वनिमुद्रिकेला असे नामांकन त्याआधी मिळालेच होते.

रॉजर्सपासून अविचीपर्यंत

जिमी रॉजर्स मिसिसिपी राज्यातल्या मेरिडियनचे. रेल्वेत ब्रेक सांभाळण्याची नोकरी क्षयाने सुटली आणि ते गाण्याकडे वळले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी ब्रिस्टल गावी राल्फ पीअर यांनी त्यांचे पहिले ध्वनिमुद्रण केले. काळ्या मजुरांचा ब्लूज आणि आल्प्समधली, आवाज झटक्यात वर-खाली नेणारी यॉडल गायकी यांचे त्यांनी केलेले मिश्रण हे कंट्री संगीताचे एक उगमस्थान. २६ मे १९३३ रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये ते गेले. अखेरच्या ध्वनिमुद्रणात दोन गाण्यांच्या मध्ये त्यांना खाटेवर पडून विश्रांती घ्यावी लागत होती.

व्हर्जिनियातल्या विंचेस्टरच्या पॅट्सी क्लाइन यांनी त्याच परंपरेतला खडबडीतपणा जाऊ दिला आणि कंट्री संगीत शहरी श्रोत्यांच्या घरात नेले. जून १९६१ मधल्या मोटार अपघातात त्या जबर जखमी झाल्या. थोड्याच आठवड्यांत कुबड्या घेऊन त्या स्टुडिओत आल्या आणि विली नेल्सन यांनी लिहिलेले त्यांचे सर्वांत प्रसिद्ध गाणे गायल्या. ५ मार्च १९६३ रोजी टेनेसीत विमान कोसळून त्या वारल्या, तेव्हा त्या ३० वर्षांच्या होत्या. १९७३ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये एकल गायिका म्हणून पहिला मान त्यांना मिळाला.

पिंक यांचे खरे नाव अलेशिया मूर. दोरांवर अधांतरी कसरती करत, ध्वनिमुद्रित आवाजाचा आधार न घेता गाण्यासाठी त्या ओळखल्या जातात. अविची, म्हणजे स्टॉकहोमचे टिम बर्गलिंग, यांनी २०१३ मध्ये मायामीच्या अल्ट्रा महोत्सवात नृत्यसंगीताच्या श्रोत्यांसमोर बँजो आणि गिटार घेतलेले वादक उभे केले. गर्दीला ते रुचले नाही. काही महिन्यांतच तीच गाणी जगभर वाजू लागली. सततच्या दौऱ्यांनी खचून त्यांनी २०१६ मध्ये मंच सोडला आणि २० एप्रिल २०१८ रोजी मस्कत येथे त्यांचा मृत्यू झाला. वय होते २८. रॉजर्स, क्लाइन आणि अविची या तिघांचीही कारकीर्द थोड्याच वर्षांची, आणि तिघेही पस्तिशी ओलांडू शकले नाहीत.

योगायोगाचे गणित

कोणत्याही २३ माणसांत निदान दोघांचा जन्मदिन एक असण्याची शक्यता ५० टक्क्यांहून थोडी अधिक असते. आकडा छोटा वाटतो, पण २३ माणसांतून २५३ जोड्या तयार होतात. ठरावीक तारीख हवी असेल, तर मात्र निम्म्या शक्यतेसाठी २५३ माणसे लागतात. चरित्रकोशात चार हजार संगीतकार असतील, तर प्रत्येक तारखेच्या वाट्याला सरासरी अकरा येतात. त्यामुळे ८ सप्टेंबरची यादी लांब आहे यात नवल काही नाही. जन्म वर्षभर सारखे विखुरलेलेही नसतात. अमेरिकेच्या अलीकडच्या दशकांच्या नोंदींत सप्टेंबरचा मध्य सर्वांत गर्दीचा आहे.

इतर तारखा

८ जानेवारी ही एल्व्हिस प्रेस्ली (१९३५), शर्ली बॅसी (१९३७) आणि डेव्हिड बोवी (१९४७) यांची. एल्व्हिसशी जुळणाऱ्या जन्मदिनाचे बोवी यांना मोठे अप्रूप होते, आणि त्यांनी शेवटची ध्वनिमुद्रिकाही २०१६ मध्ये याच दिवशी प्रसिद्ध केली. दोन दिवसांनी ते गेले.

४ ऑगस्ट ही किशोर कुमार (१९२९, खंडवा) आणि लुई आर्मस्ट्राँग (१९०१, न्यू ऑर्लीन्स) यांची तारीख. आर्मस्ट्राँग स्वतः जन्मभर ४ जुलै १९०० असे सांगत. चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद हाती आली ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९८० च्या दशकात. ज्या पिढ्यांच्या जन्माची सरकारी नोंद होतच होती असे नाही, तिथे शाळेच्या दाखल्यावरची किंवा आठवणीतली तारीख पडताळून घ्यावी लागते. भारतात जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा आहे.

समान जन्मदिन टाळल्याचेही एक उदाहरण आहे. तमिळ संगीतकार इळैयाराजा यांचा जन्म ३ जून १९४३ चा. त्याच तारखेला जन्मलेले द्रमुक नेते एम. करुणानिधी यांच्या आदरापोटी ते आपला वाढदिवस एक दिवस आधी, २ जूनला साजरा करतात.