सायबर सुरक्षेचं सरकारी प्रमाणपत्र : सोलापूरहून अर्ज कसा करायचा

२०१३ च्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणात पाच वर्षांत ५ लाख कुशल माणसं घडवायचं उद्दिष्ट होतं. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने डिजिटल इंडियाचा विस्तार मंजूर केला, त्यात माहिती सुरक्षेचं प्रशिक्षण २.६५ लाख जणांना द्यायचं ठरलं. सोय असूनही आपली मुलं हजारो रुपये भरून कुठल्या तरी क्लासचा कागद घेऊन येतात, याचं वाईट वाटतं. पैसे भरण्याआधी एकच विचारा : या कोर्सला एनसीव्हीईटीची (व्यावसायिक प्रशिक्षणाला मान्यता देणारी केंद्रीय परिषद) मान्यता आहे का, आणि प्रमाणपत्रावर एनएसक्यूएफची (कौशल्याची पातळी ठरवणारी राष्ट्रीय चौकट) पातळी छापून येते का?

इंजिनिअरिंग झालेल्यांनी सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचा पीजी-डिटिस हा आयटी यंत्रणा आणि सुरक्षेचा पदव्युत्तर डिप्लोमा आधी बघावा. पुण्यातही तो शिकवतात, त्यामुळे हुतात्मा एक्सप्रेसने घरी येणं-जाणं जमतं. प्रवेश सी-कॅट परीक्षेतून. बॅचेस वर्षातून दोन, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या. बरोबर उत्तराला ३ गुण, चुकलं तर १ वजा. म्हणून अंदाजपंचे ठोकू नका. सी प्रोग्रामिंग, डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टीम आणि नेटवर्किंग पक्कं करा. शेवटच्या वर्षाला असाल तरी अर्ज करता येतो, फक्त निकाल ठरलेल्या तारखेआधी हातात हवा. कोणती शाखा आणि किती टक्के चालतात, ते त्या बॅचच्या माहितीपुस्तिकेत वाचूनच फी भरा. परीक्षेची फी परत मिळत नाही.

बारावी किंवा डिप्लोमावाल्यांनी स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी पोर्टलवर आधारने नोंदणी करून जिल्हा सोलापूर निवडावा आणि जवळचं केंद्र शोधावं. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत वय १५ ते ४५ चालतं, प्रशिक्षणाला फी नाही. मोबाइल नंबर मात्र आधारला जोडलेला हवा, ओटीपी त्यावरच येतो.

कागदपत्रं : दहावी-बारावीच्या आणि पदवीच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, आधार, फोटो, सहीचं स्कॅन. गुणपत्रिकेवर सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतर कसं करायचं, ते कॉलेजकडून लेखी घ्या.

खरी अडचण नावाची. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुतेकांचं शेवटी. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक घरांत तर त्याच आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग बापाच्या कागदावर एक आणि मुलाच्या कागदावर दुसरं असतं. अर्जात नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच भरा. स्पेलिंगच वेगळं असेल तर अर्ज सुरू व्हायची वाट न बघता आधार केंद्रावर दुरुस्तीला टाका, कारण परीक्षेच्या दारात प्रवेशपत्र आणि ओळखपत्र शेजारी शेजारी धरून बघतात.