घाणेरी जाळून मरत नाही हो!

घाणेरी म्हणजे टणटणीचं रानटी झुडूप, ती माजली की छाटा आणि काडी लावा, संपली, असं सगळे सांगतात. चुकीचंय ते. वरचं जळतं पण मूळ आणि खोड जिथे जुळतात त्या गाठीत डोळे (कोंब फुटतात त्या जागा) जिवंत राहतात, पाऊस पडला की एकाच्या जागी पाच-सहा फुटवे, वर मोकळ्या जागेत उन्हाने बियाही उगवतात. मग करायचं काय, तर माती ओली असताना कुदळीने साधारण 2 इंच खाली मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं, मुळं वर करून ठेवायचं. काळी फळं धरायच्या आत बरं का, नाहीतर बुलबुल बिया सगळीकडे पेरतात. आणि हातमोजे घाला, फांद्या जाम ओरबाडतात!