बागेतला ट्युलिप आणि डोंगरावरचा ट्युलिप

श्रीनगरला दल सरोवराजवळच्या बागेत दर वसंतात लाखो ट्युलिप फुलतात, पणजीतल्या फुलवाल्यांकडेही हल्ली त्यांचे गुच्छ मिळतात, मग हे फूल धोक्यात आहे असे कोण म्हणतो, हा प्रश्न एप्रिलमध्ये काश्मीर फिरून आलेल्या गोमंतकीय मंडळींकडून हमखास ऐकावा लागतो. धोक्यात आहे तो डोंगरावर आपोआप उगवणारा रानटी ट्युलिप, बागेतला नव्हे; नाव एक असल्यामुळे दोन वेगळ्या वनस्पतींचा हिशेब एकाच खात्यात मांडला जातो.

बागेतला ट्युलिप सर्वांच्या परिचयाचा आहे. श्रीनगरची ती बाग २००७ मध्ये खुली झाली आणि तिथले कंद प्रामुख्याने नेदरलँड्समधून आणलेले आहेत. या फुलाला काही आठवडे कडक थंडी लागते, म्हणून गोव्यात हौशी मंडळी कंद फ्रिजमध्ये ठेवतात. एवढे करूनही इथल्या उष्म्यात दुसऱ्या वर्षी तो कंद सहसा फुलत नाही. हौसेला मोल नसते, एवढेच म्हणावे.

डोंगरावरचे ट्युलिप मुख्यतः मध्य आशियातले. तिएन शान आणि पामीर-अलाय या पर्वतरांगांमध्ये, म्हणजे किर्गिझस्तान, कझाकस्तान, उझबेकिस्तान आणि ताजिकिस्तान या देशांत, त्यांच्या सर्वाधिक जाती आढळतात. ट्युलिपा ग्रेगीच्या रुंद पानांवर जांभळट रेघा असतात, तर ट्युलिपा काउफमानियानाचे फूल उन्हात चांदणीसारखे सपाट उघडते. बुटकेपणा आणि रंग यांवरून बागेतला ट्युलिप आणि डोंगरावरचा ट्युलिप यांतला भेद सांगणारे लेख पुष्कळ आहेत, परंतु तो भेद वरवरचा आहे, कारण बागेतल्या काही बुटक्या वाणांचा उगम याच जातींत आहे.

खरा भेद वाढीच्या रीतीत आहे. बागेतले एका वाणाचे सगळे ट्युलिप कंदाला फुटणाऱ्या पिल्लांपासून वाढवलेले असतात, म्हणून मानकुरादची हजार कलमे लावली तरी आंबा जसा एकच, तसे एक लाख फुलांतही आनुवंशिक वैविध्य जवळजवळ शून्य असते. डोंगरावरच्या अनेक जातींची भिस्त मात्र बियांवर असते. बी रुजल्यावर पहिल्या वर्षी गवताच्या काडीसारखे एकच बारीक पान येते. इवलासा कंद वर्षागणिक जमिनीत खोल उतरतो, आणि पहिले फूल यायला बऱ्याचदा पाच ते सात वर्षे लागतात. या काळात मेंढ्या, शेळ्या आणि घोड्यांनी पाने खाल्ली तर कंदाचे पोषण खुंटते, आणि फूल खुडले तर त्या वर्षीचे बी गेलेच. जुनी झाडे फुलत असल्यामुळे कुरण लांबून भरलेले दिसते, पण खाली नवी पिढी नसते. तापमान वाढले की जातीला अधिक उंचीवर सरकावे लागते; बी मात्र बहुधा मातृरोपाच्या पायाशीच पडते, आणि डोंगराला माथा असतो.

म्हणूनच ‘बागेतले कंद नेऊन डोंगरावर लावा’ ही सूचना मला सर्वांत जास्त खटकते. संकरित रोपांबरोबर विषाणू जाऊ शकतात, मूळ जातीशी संकर होऊ शकतो, आणि त्या उतारावर हजारो वर्षांत घडलेले वैविध्य परत येत नाही ते नाहीच. वनस्पती उद्यानांतल्या संग्रहाला मी नावे ठेवत नाही, मात्र कोणत्या दरीतून, किती उंचीवरून बी गोळा केले याची नोंद असेल तरच तो संग्रह पुढे पुनर्लागवडीला उपयोगी पडतो. नोंद नसलेला कंद, जात रानटी असली तरी, शोभेचाच. त्याहूनही मला पसंत आहे तो कुरणांचा उपाय: बोंडे पिकून बी सांडेपर्यंत त्या उतारावर गुरे न सोडणे, आणि चराईची जागा आळीपाळीने बदलणे. तो मेंढपाळांना विश्वासात घेतल्याशिवाय साधत नाही, कारण कुरण त्यांच्या पोटाचे साधन आहे.

आणि कोणी ‘रानटी ट्युलिप’ म्हणून कंद विकत असेल, तर तो रोपवाटिकेत वाढवलेला आहे की डोंगरावरून उपटलेला, एवढे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर घेऊ नये.