बाळाला न पचणारा दुधातला अंश

बाळंतपणानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारे चिकाचे दूध घट्ट, पिवळसर आणि एका वेळी जेमतेम चमचाभर असते. ते बाळाला बाधेल या समजुतीने पिळून टाकण्याची रीत काही घरांत अजूनही आहे, आणि ती लवकरात लवकर बंद व्हावी असे मला मनापासून वाटते. कारण त्या चमचाभर दुधात बाळाच्या आहाराबरोबरच त्याच्या आतड्यातील जिवाणूंचाही आहार असतो.

आईच्या दुधात दीडशेहून अधिक प्रकारच्या शर्करांच्या छोट्या साखळ्या असतात. त्यांना ऑलिगोसॅकराइड म्हणतात. नंतरच्या दुधात त्यांचे प्रमाण लिटरमागे साधारण ५ ते १५ ग्रॅम असते, चिकात त्याहूनही जास्त. बाळाकडे त्या तोडणारी विकरेच नसल्यामुळे त्यातील बहुतेक साखळ्या न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतात. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये १८९९ च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील आंरी तिसिए यांना दोन फाटे फुटलेले, इंग्रजी 'वाय'सारखे दिसणारे जिवाणू विपुल आढळले होते. याच बायफिडोबॅक्टेरियम कुळातील इन्फँटिस हा जिवाणू त्या साखळ्या अख्ख्या आत ओढून घेतो, त्यांचे तुकडे करून त्यांवर वाढतो आणि ॲसिटिक व लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतो. त्यामुळे आतड्यात आम्लता वाढते आणि अनेक रोगजंतूंना तिथे बस्तान बसवणे अवघड जाते.

ही वस्ती पुरती बसलेली नसताना काय होऊ शकते, हे मधावरून कळते. मधात कधीकधी क्लोस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूची बीजाणुके, म्हणजे त्याची सुप्त रूपे, असतात. मोठ्या माणसाच्या आतड्यातील जिवाणूंच्या दाटीत ती सहसा रुजत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. बाळाला बद्धकोष्ठ होतो, ते नीट ओढून पीत नाही, त्याची मान आणि हातपाय लुळे पडतात. म्हणून वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये, बाळगुटीतूनसुद्धा नाही.

जिवाणू बाहेरून देऊन पाहण्याचा एक मोठा प्रयोग ओडिशाच्या ग्रामीण भागात झाला. पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात ४,५५६ नवजात बाळे होती. त्यांतील निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमचा एक विशिष्ट वाण आणि त्याला पोसणारी शर्करा सात दिवस दिली गेली. पहिल्या दोन महिन्यांत जंतुदोष किंवा मृत्यू ओढवलेल्या बाळांचे प्रमाण इतर बाळांमध्ये ९ टक्के होते, तर या बाळांमध्ये ५.४ टक्के. ही बाळे अंगावर पिणारी आणि बऱ्यापैकी वजनाची होती. अगदी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना असे जिवाणू देण्यात वेगळे धोके असतात, म्हणून दुकानातले थेंब स्वतःच्या मनाने बाळाला पाजू नयेत.

अशा नाजूक बाळांसाठी, आईचे दूध पुरेसे नसेल तेव्हा, मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. दान मिळालेले दूध पेढीत ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवले जाते. त्या उष्णतेने दुधातील जिवाणू मरतात, शर्करांच्या साखळ्या मात्र जवळपास जशाच्या तशा राहतात.