शोधमोहिमेचा सिनेमा आणि मुंबईचा प्रेक्षक

ओसामा बिन लादेनच्या शोधावरचा हॉलिवूडपट ‘झीरो डार्क थर्टी’ फेब्रुवारी २०१३ मध्ये मुंबईत लागला, तेव्हा कसाबच्या फाशीला पुरते तीन महिनेही झाले नव्हते. २६/११ च्या हल्ल्याआधी या शहराची टेहळणी करून गेलेल्या डेव्हिड हेडलीला शिकागोच्या कोर्टाने ३५ वर्षांची शिक्षा सुनावली, त्याला तर जेमतेम तीन आठवडे झाले होते. मी तो सिनेमा शेजारच्या काकांबरोबर दादरला पाहिला. मध्यंतरातच प्रेक्षकांचे दोन तट पडलेले कानावर येत होते. एका गटाचं म्हणणं, नुसते कागद आणि मीटिंगा, घडत काहीच नाही. दुसऱ्याचं म्हणणं, हे असंच असतं. आणि सुरुवातीच्या, कैद्याच्या छळाच्या प्रसंगाबद्दल लोक जरा आवाज उतरवूनच बोलत होते. शोधमोहिमेवरचा कुठलाही वास्तववादी थरारपट आला की मुंबईत या तीन प्रतिक्रिया उमटतातच, आणि प्रत्येकीमागे या शहराचा स्वतःचा इतिहास आहे.

आधी मूळ मोहिमेविषयी. ओसामा बिन लादेन सापडला तो त्याच्या निरोप्यामुळे. अबू अहमद अल-कुवैती या टोपणनावाचा हा माणूस नेमका कोण, हे कळायलाच अमेरिकी गुप्तचरांची कित्येक वर्षं गेली. त्याच्या मागावर राहून २०१० मध्ये ते अबोटाबादच्या तिमजली घरापाशी पोचले. घराला उंच भिंती, आत फोन नाही, इंटरनेट नाही, कचराही आवारातच जाळायचा. आत नक्की तोच आहे याची खात्री २ मे २०११ च्या पहाटे हेलिकॉप्टरं उतरेपर्यंत कोणालाच नव्हती. सिनेमात नायिका रोज सकाळी वरिष्ठाच्या केबिनच्या काचेवर लाल मार्करने आकडा लिहिते: घर सापडून किती दिवस झाले आणि अजून निर्णय नाही. आकडा शंभराच्या पुढे जातो. मला विचाराल तर अख्ख्या सिनेमातलं सगळ्यात खरं दृश्य ते. त्यातलं पाकिस्तान बरंचसं चंदीगडला उभं केलेलं होतं. उर्दू पाट्या आणि पाकिस्तानी झेंडे पाहून तिथे निदर्शनंही झाली होती.

काकांना सिनेमा संथ वाटला नाही. ते फोर्टमधल्या एका बँकेतून निवृत्त झालेले. १२ मार्च १९९३ ला दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला, तेव्हा ते दोन गल्ल्या पलीकडे काउंटरवर होते. त्या दुपारी एकामागून एक बारा स्फोट झाले, २५७ माणसं गेली. एवढ्या मोठ्या कटाचा पहिला धागा मात्र अगदी साध्या गोष्टीतून हाती आला. वरळीला एक मारुती व्हॅन बेवारस सोडलेली मिळाली, आत एके-५६ रायफली आणि हातबॉम्ब. पोलिसांनी आरटीओच्या नोंदीवरून मालक शोधला तो माहीमच्या मेमन कुटुंबात निघाला. घराला कुलूप होतं, माणसं आधीच दुबईला गेलेली. त्या घरात एक स्कूटरची किल्ली सापडली. दादरजवळ नायगाव क्रॉस रोडला स्फोटकांनी भरलेली, पण न फुटलेली एक स्कूटर मिळाली होती, आणि ती किल्ली तिलाच लागली. मध्यंतरात काका एवढंच म्हणाले, ‘‘अरे, गाडीच्या कागदावरूनच उलगडतं सगळं. वरळीला तेच झालं.’’

हा किल्लीचा तपशील मुंबईकरांनी पेपरात वाचला, चहाच्या टपरीवर ऐकला आणि मनात जपून ठेवला. म्हणून इथला प्रेक्षक पडद्यावरचा तपास पारखून घेतो. या स्फोटांच्या तपासावरचा ‘ब्लॅक फ्रायडे’ २००४ मध्येच तयार होता, पण टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या कोर्टात खटला चालू असल्याने आरोपींच्या अर्जावरून मुंबई हायकोर्टाने तो अडवला. तो थिएटरात आला ९ फेब्रुवारी २००७ ला. त्यात झोपडपट्टीतल्या बोळांतून एका संशयिताचा लांबलचक पाठलाग आहे. धावता धावता पोलीसही दमतात आणि पळणाराही. तोपर्यंत हिंदी सिनेमातला इन्स्पेक्टर कधी धापा टाकत नसे. माझ्या पिढीच्या प्रेक्षकाचं ‘खरं’ आणि ‘फिल्मी’ यांचं माप त्या पाठलागाने बदलून टाकलं, असं मी खात्रीने म्हणेन.

२६/११ नंतर या मापात आणखी एक गोष्ट आली ती आवाजाची. हल्ला चालू असताना ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमधले अतिरेकी पाकिस्तानातल्या सूत्रधारांशी फोनवर बोलत होते आणि आपल्या यंत्रणा ते ऐकत होत्या. पुढे ही संभाषणं वाहिन्यांवर वाजली, घराघरांत ऐकली गेली. त्यातल्या एका सूत्रधाराच्या तोंडी ‘प्रशासन’ हा शब्द आला आणि तपास करणाऱ्यांचे कान टवकारले, कारण उर्दूत बोलणारा पाकिस्तानी माणूस हा शब्द सहसा वापरत नाही. बोलणारा भारतातला असावा, हा संशय तिथून बळावला. तो माणूस निघाला बीड जिल्ह्यातल्या गेवराईचा झबीउद्दीन अन्सारी, म्हणजेच अबू जुंदाल. मे २००६ मध्ये चांदवड-मनमाड रस्त्यावर एटीएसने, म्हणजे दहशतवादविरोधी पथकाने, शस्त्रांनी भरलेली गाडी पकडली, तेव्हा मागच्या इंडिकातून निसटलेला तोच. सौदी अरेबियाने त्याला भारताच्या ताब्यात दिलं जून २०१२ मध्ये. सहा वर्षांचा माग, आणि त्यात मोलाचा ठरलेला दुवा म्हणजे आपण रोज ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत वापरतो तो शब्द. हे ज्याला ठाऊक आहे, त्याला पडद्यावर कानाला हेडफोन लावून बसलेली माणसं कंटाळवाणी वाटायची नाहीत.

छळाच्या प्रसंगाचा प्रश्न याहून अवघड. अमेरिकेत सिनेमा प्रदर्शित होताच तीन सिनेटर्सनी लेखी आक्षेप घेतला: छळामुळे निरोप्याचा ठावठिकाणा लागला असा समज यातून होतो आणि तो चुकीचा आहे. डिसेंबर २०१४ मध्ये सिनेटच्या समितीच्या अहवालानेही हेच सांगितलं. निरोप्याविषयीची सगळ्यात अचूक माहिती ज्या कैद्याकडून आली, त्याने ती छळ होण्याआधीच दिली होती. सीआयएने हा निष्कर्ष मान्य केला नाही.

आपल्याकडे हा वाद कबुलीजबाबाच्या रूपाने फार आधीपासून चालू आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हा इंग्रजांच्या काळापासूनचा नियम. टाडाने त्याला अपवाद केला: पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढचा जबाब ग्राह्य. १९९३ चा खटला त्या कायद्याखाली चालला. टाडा १९९५ मध्ये संपला, पण महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९९९ च्या मकोका कायद्यात तीच तरतूद ठेवली. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट होऊन १८० हून अधिक माणसं गेली, त्या खटल्यात हे जबाब महत्त्वाचा पुरावा होते. २०१५ मध्ये विशेष कोर्टाने १२ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने सगळ्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, ते छळ करून घेतल्याचा आरोप निराधार म्हणता येत नाही, असं कोर्टाने नोंदवलं. तीनच दिवसांत सुप्रीम कोर्टाने या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्याला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवलं नाही.

‘मारल्याशिवाय हे लोक बोलतात का?’ असं थिएटरबाहेर सहज म्हणणारी माणसं मी २०१३ मध्ये पुष्कळ ऐकली. माझंही मत तेव्हा फारसं वेगळं नव्हतं, आज ते तसं राहिलेलं नाही. पडद्यावर छळ झाला की पुढच्या दृश्यात माहिती मिळते. इथे तो झाल्याच्या संशयाने एकोणीस वर्षांचा तपास मुळापासून डळमळला.

काका वसईहून रोज चर्चगेटला येत, पण लोकलमध्ये स्फोट झाले त्या संध्याकाळी त्यांनी नेहमीची गाडी सोडून उशिराची पकडली होती. त्यांच्या डब्यातले, रोज एकत्र भजनं म्हणणारे दोघे परत आले नाहीत. २०२५ च्या निकालाच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा टीव्ही चालू होता, आवाज बंद केलेला. त्यांनी मला बसायला सांगितलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, ‘‘मग केलं कोणी रे?’’