बीबॉप

बीबॉप ही जॅझ संगीतातील एक शैली. १९४० नंतरच्या पाच-सहा वर्षांत ती न्यूयॉर्कमध्ये घडली. अतिद्रुत लय, अनपेक्षित वळणे घेणारी सुरावट आणि चार-पाच वादकांचा छोटा ताफा ही तिची ओळख. हिला नुसते ‘बॉप’ही म्हणतात. नावाला अर्थ नाही. तराण्यातल्या ‘तोम तन देरेना’सारखे निरर्थक बोल जॅझ गायकही घेतात, त्यांतलेच हे एक.

त्याआधीची दहा वर्षे स्विंगची, म्हणजे नाचासाठीच्या जॅझची होती. पंधरा-सोळा वादकांचे मोठे बँड नाचघरांत वाजत. बहुतेक संगीत आधीच लिहिलेले असे आणि एकट्या वादकाच्या वाट्याला थोडीशीच जागा येई. पोट त्या बँडवर चाले. हौस मात्र मध्यरात्रीनंतर भागवावी लागे. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत ११८व्या रस्त्यावरचे ‘मिंटन्स प्लेहाऊस’ हा त्यासाठीचा एक अड्डा. हेन्री मिंटन या सॅक्सोफोनवादकाने तो १९३८ मध्ये सुरू केला. तो वादकांच्या युनियनचा पदाधिकारी असल्यामुळे इथे फुकट वाजवणाऱ्यांवर सहसा दंडाची पाळी येत नसे. थेलोनियस मंक (पियानो) आणि केनी क्लार्क (ड्रम) हे घरचे वादक. बाकी येतील ते. कच्च्या वादकाला मंचावरून उतरवायचे असले की ही मंडळी मुद्दाम अवघड पट्टी धरत, कॉर्ड (सुरावटीखाली एकदम वाजणारे स्वरांचे गुच्छ) बदलून टाकत. शैलीचा काही भाग या खोडसाळपणातूनच जन्माला आला.

बीबॉपची रचना समजायची तर आधी चौकट पाहावी लागते. त्या काळच्या लोकप्रिय अमेरिकन गाण्यात बहुधा ३२ बार असत. दर बारला चार मात्रा, म्हणजे एकूण १२८. आपल्या हिशेबाने तीनतालाची आठ आवर्तने. प्रत्येक बारखाली कोणती कॉर्ड येणार हे ठरलेले असते. ती साखळी संपली की पुन्हा पहिल्यापासून, आणि तिच्यावर वादकाने उपज करायची. इथे बीबॉपवाल्यांनी हातचलाखी केली : साखळी जुन्या गाण्याची ठेवली आणि मूळ चाल फेकून देऊन नवी बसवली. जॉर्ज गर्श्विनच्या ‘आय गॉट रिदम’ (१९३०) या एका गाण्याच्या कॉर्डवर अशा कितीतरी रचना उभ्या आहेत. यामागे व्यवहारही होता. मालकी हक्क चालीवर असतो, कॉर्डच्या क्रमावर नाही. त्यामुळे मूळ रचनाकाराला मानधन द्यावे लागत नसे.

कॉर्डमध्येही भर पडली. पंचमाच्या जागी त्याच्या खालचा अर्धस्वर, म्हणजे आपला तीव्र मध्यम, घेण्याची या वादकांना भारी आवड. पूरिया-मारवा ऐकलेल्या कानाला त्यात दचकण्यासारखे काही वाटणार नाही, पण त्या वेळच्या अमेरिकन श्रोत्यांना ते बेसूर वाटले. लयीतला बदल त्याहून मोठा होता. पूर्वी ड्रमवादक पायाने मोठ्या ढोलावर दर मात्रा ठोकत असे. क्लार्कने ती मोजणी वरच्या मोठ्या झांजेवर नेली. पाय मोकळा झाला आणि ढोलाचा उपयोग मध्येच, भलत्याच जागी दणका देण्यासाठी होऊ लागला. हे दणके ‘बॉम्ब’ म्हणूनच ओळखले जात. काळ महायुद्धाचा होता.

शैलीचा मध्यबिंदू चार्ली पार्कर (१९२०–५५). त्याचे टोपणनाव ‘बर्ड’, वाद्य आल्टो सॅक्सोफोन, वाढ कॅन्सस सिटीतली. १९३६ मध्ये तिथल्या एका मैफलीत कॉर्डचा धागा हातून सुटला, तेव्हा जो जोन्स या ड्रमवादकाने त्याच्या पायाशी झांज फेकली होती. २६ नोव्हेंबर १९४५ रोजी ध्वनिमुद्रित झालेले ‘को-को’ हे त्या फजितीचे उत्तर मानायला हरकत नाही. आधार आहे रे नोबलच्या ‘चेरोकी’चा, ज्याची चौकट ३२ नव्हे, ६४ बारांची. पहिल्या प्रयत्नात वादक सरळ ‘चेरोकी’ची मूळ चालच धरतात आणि त्यांना मध्येच थांबवले जाते, तो तुटका तुकडाही आज ऐकायला मिळतो. पुढच्या प्रयत्नात चाल गायब. मिनिटाला सुमारे ३०० मात्रांच्या वेगात पार्कर दोन पूर्ण फेऱ्या, म्हणजे ५१२ मात्रा, एकटा वाजवतो. श्वासासाठी थांबतो तीही जागा वाक्य संपल्यासारखी वाटते.

‘को-को’मधला ट्रम्पेट डिझी गिलेस्पीचा (१९१७–९३). पार्कर प्रतिभेचा, तर गिलेस्पी विद्येचा, अशी वाटणी अनेकदा केली जाते. ती गिलेस्पीवर अन्याय करणारी आहे. कॉर्डचे शास्त्र तो इतरांना पियानोवर बसून समजावत असे हे खरे, पण त्याचे वादनही तितकेच बेभान होते. मंकचा पियानो आडमुठा, अडखळल्यासारखा, मोजके स्वर घेणारा. बड पॉवेलने (१९२४–६६) मात्र सॅक्सोफोनची धावती तान पियानोच्या उजव्या हातात आणली. ड्रममध्ये क्लार्कचा वारसा मॅक्स रोचने चालवला.

ही शैली घडत असतानाचे ध्वनिमुद्रण फार थोडे आहे. वादकांच्या युनियनने ऑगस्ट १९४२ मध्ये तबकडी कंपन्यांवर बहिष्कार टाकला आणि मोठ्या कंपन्यांशी तडजोड व्हायला १९४४ चा नोव्हेंबर उजाडला. त्यामुळे बीबॉप लोकांच्या कानांवर पडले ते एकदम तयार होऊनच. त्यावर नाचता येईना. नाचघरांवरच्या युद्धकाळातील करामुळे मालकांनाही नुसते बसून ऐकण्याचे छोटे क्लब परवडू लागले होते. ५२व्या रस्त्यावर ते ओळीने उभे राहिले.

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने पार्करच्या ताफ्यातून बाहेर पडून १९४९-५० मध्ये संथ, शांत ‘कूल’ जॅझची वाट धरली. ब्लूजकडे, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकगीतांकडे झुकणारा ‘हार्ड बॉप’ पुढच्या दशकातला.

१५ मे १९५३ रोजी टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये पार्कर, गिलेस्पी, पॉवेल, रोच आणि डबल बेसवर चार्ल्स मिंगस असे पाचजण एकत्र वाजले. त्याच रात्री मुष्टियुद्धाची जागतिक अजिंक्यपदाची लढत असल्याने सभागृहात बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. पार्करच्या हातात प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन होता. दुसऱ्या कंपनीशी करार असल्यामुळे तबकडीवर त्याचे नाव ‘चार्ली चॅन’ असे छापले गेले.