भिंत हाताला कोरडी लागते म्हणजे वाळली असं नाही

दोन महिन्यांपूर्वी मामांचा फोन आला, "अरे, भिंत खडखडीत वाळली बघ, हात फिरवून बघितला, उद्या पेंटरला बोलावतोय." मी म्हटलं, मामा थांबा, एवढ्यात नका बोलावू. गळती बंद होऊन तेव्हा जेमतेम बारा दिवस झाले होते आणि त्या भिंतीत किती पाणी होतं याचा हिशोब मी आदल्याच रात्री करून बसलो होतो.

झालं असं की मामांचं घर सात महिने बंद होतं. जाताना मेन वॉल्व्ह बंद करायचा राहिला, आणि बाथरूम आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीत गाडलेल्या पाईपचा एक जॉइंट ठिबकायला लागला. प्लंबरने टाइल फोडून दाखवलं तेव्हा साधारण सेकंदाला एक थेंब पडत होता. एक थेंब म्हणजे काय, असं वाटतं ना? वीस थेंबांचं एक मिलिलिटर होतं, दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे दिवसाला सव्वाचार लिटर. सात महिन्यांचे नऊशे लिटर! घरात माणसं असती तर आठवड्याभरात कुणालातरी कुबट वास आला असता, कुणीतरी फरशीवरून घसरलं असतं, बोंबाबोंब झाली असती. बंद घरात गळती मोठी नसते, ती फक्त कुणाला कळत नाही, आणि सगळं नुकसान त्या न कळण्यातून होतं.

दार उघडलं (ते उघडायलाही खांदा लावावा लागला, लाकूड फुगून चौकटीत घट्ट बसलं होतं) आणि मामा सरळ लाइट लावायला निघाले. हे कधीही करू नका. ओल बोर्डापर्यंत पोचली असेल तर ओल्या फरशीवर उभं राहून बटण दाबणं जिवावर बेतू शकतं. आधी मेन स्विच बंद, आणि मेन स्विचपर्यंत जायलाच पाण्यातून जावं लागत असेल तर आत जायचंच नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवायचं.

आता मला सगळ्यात आवडणाऱ्या गोष्टीकडे येतो. पाईप जमिनीपासून वीतभर उंचीवर होता, पण बेडरूमच्या बाजूने ओल तीन फुटांपर्यंत चढली होती. पाणी वर कसं गेलं? शाळेत आपण केशाकर्षण शिकलो, शाईत बारीक नळी बुडवली की शाई आपोआप वर चढते ते. नळी जितकी बारीक तितकी चढण जास्त. पाण्याचा पृष्ठताण धरून गणित केलं तर एक मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी फक्त दीड सेंटिमीटर चढतं, पण एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येच्या नळीत ते सुमारे १५ मीटर चढू शकतं. विटेत अशी मायक्रॉनच्या घरातली छिद्रं भरपूर असतात. मग पाचव्या मजल्यापर्यंत ओल का जात नाही, तर एकतर बारीक छिद्रात पाणी फार हळू सरकतं (१९२१ साली वॉशबर्न या शास्त्रज्ञाने याचं सूत्र मांडलं, अंतर हे वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे दुप्पट अंतराला चौपट वेळ) आणि दुसरं म्हणजे चढता चढता ते भिंतीच्या पृष्ठभागातून हवेत उडूनही जात असतं. जिथे खालून येणारं आणि बाजूने उडणारं पाणी सारखं होतं तिथे ओलीची रेषा थांबते. भिंतीवरची ती वेडीवाकडी तपकिरी रेषा म्हणजे या दोघांचा समतोल असतो, ओल तिथे "संपली" असा त्याचा अर्थ नाही.

गळती बंद झाली की भिंत वाळायला लागते, आणि ती दोन टप्प्यांत वाळते. मामांची चूक इथेच होत होती, आणि मला वाटतं बहुतेकांची इथेच होते.

पहिला टप्पा असा. विटेत छिद्रं सगळी एका मापाची नसतात, काही मोठी, काही बारीक, आणि सगळी एकमेकांना जोडलेली. पृष्ठभागावरच्या बारीक छिद्रातून पाणी उडालं की तिथे पाण्याची वक्र पातळी तयार होते आणि ती आतलं पाणी खेचायला लागते. बारीक छिद्राची ओढ मोठ्या छिद्रापेक्षा जास्त असते, त्यामुळे आधी आतली मोठी छिद्रं रिकामी होतात आणि पृष्ठभागावरची बारीक छिद्रं भरलेलीच राहतात. हे मला दर वेळी वाचलं की नवल वाटतं, की भिंत आतून रिकामी होत असते आणि बाहेरून ओलीच दिसते! या टप्प्यात पाणी जवळजवळ उघड्या परातीतून उडावं त्या वेगाने उडतं, कारण पृष्ठभागापर्यंत पाण्याची सलग वाट असते. पंखा लावला तर लगेच फरक पडतो.

मग एक वेळ अशी येते की ही सलग वाट तुटते. आतून पाणी खेचून आणणं बारीक छिद्रांना जमत नाही, पृष्ठभाग कोरडा पडतो, आणि पाण्याची पातळी भिंतीच्या आत आत सरकायला लागते. हा दुसरा टप्पा. आता पाणी द्रवरूपात बाहेर येऊच शकत नाही, आतच त्याची वाफ व्हायची आणि त्या वाफेने वाकड्यातिकड्या छिद्रांमधून धक्के खात बाहेर यायचं, यालाच विसरण म्हणतात, आणि ते अतिशय संथ असतं. पुन्हा तोच वर्गमुळाचा नियम लागतो, ओल जितकी आत सरकेल तितकी वाट लांब आणि वेग कमी. म्हणजे हात फिरवून जी भिंत खडखडीत लागते ती फक्त पहिला टप्पा संपलेली भिंत असते. सोपं काम झालेलं असतं आणि अवघड नुकतंच सुरू झालेलं असतं.

मामांच्या भिंतीत अजून एक घोळ होता. बाथरूमच्या बाजूला टाइल्स. टाइलमधून वाफ जवळजवळ जात नाही, म्हणजे नऊ इंची भिंत एकाच बाजूने वाळणार. दोन्ही बाजू मोकळ्या असत्या तर ओलीला जास्तीत जास्त साडेचार इंच यायचं होतं, आता नऊ. दुप्पट अंतर, चौपट वेळ. म्हणून मी मामांना आधी हे सांगितलं की बेडरूमच्या बाजूचा जुना ऑइल पेंट आणि सुटलेला गिलावा ओलीच्या रेषेच्या वरपर्यंत खरवडून टाका, निदान एक बाजू तरी श्वास घेऊ दे. आणि इथेच लोक उलट करतात, ओल दिसली की वर वॉटरप्रूफ पेंट फासतात. पेंटने पाणी आत कोंडलं जातं, महिन्या-दोन महिन्यांत फुगे येतात, पोपडे पडतात, आणि नाव पेंटचं खराब होतं.

आता तो हिशोब सांगतो. बारा फूट लांब, तीन फूट उंच, नऊ इंच जाड एवढा भाग भिजलेला. तेवढं बांधकाम सुमारे १,३०० किलो भरतं. चांगली वीटसुद्धा तिच्या वजनाच्या दहा टक्के पाणी सहज पिते, म्हणजे सव्वाशे लिटर. खोली बारा बाय बारा, उंची दहा फूट, हवा साधारण ४० घनमीटर. ३० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प मावतं, म्हणजे अख्ख्या खोलीतली हवा गच्च भरली तरी सव्वा लिटर! भिंतीत सव्वाशे आणि हवेत सव्वा. खिडक्या बंद ठेवल्या तर हवा लगेच भरते आणि वाळणं जवळजवळ थांबतं, पंखा कितीही फिरवा, तो तीच दमट हवा गोल गोल फिरवणार. बाहेरून ६० टक्के आर्द्रतेची हवा आत आली आणि ८० टक्के होऊन बाहेर गेली असं धरलं तर प्रत्येक घनमीटर फक्त ६ ग्रॅम पाणी घेऊन जाते, मग सव्वाशे लिटरला खोलीतली हवा पाचशेच्या वर वेळा बदलावी लागते. आणि एवढं पाणी उडवायला उष्णता लागते ती वेगळीच, लिटरमागे सुमारे २,४०० किलोज्यूल अप्रकट उष्मा, सगळे मिळून ८०-८५ युनिट विजेएवढी ऊर्जा. ती मुख्यतः आजूबाजूच्या हवेतूनच येते म्हणून ओली भिंत हाताला गार लागते. (इथपर्यंत गणित डोक्यावरून गेलं असेल तर एवढंच लक्षात ठेवा, हवा बदलत राहिली पाहिजे.) बाहेर पाऊस असेल, हवा बाहेरच जास्त दमट असेल, तर मात्र खिडक्या उघडून उपयोग नाही, तेव्हा दारं-खिडक्या लावून डीह्युमिडिफायर (हवेतलं बाष्प काढून घेणारं यंत्र) चालवायचा.

मग वाळली हे कळणार कसं? फूटभर चौकोनी पारदर्शक प्लॅस्टिक घ्यायचं, भिंतीला चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवायचं आणि दोन दिवस ठेवायचं. प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमले तर ते हवेतलं बाष्प आहे, दव पडतं तसं, आणि त्याचा उपाय वेगळा. मामांनी बाराव्या दिवशी लावलं आणि चौदाव्या दिवशी मला फोटो पाठवला, "कोरड्या" भिंतीवरच्या प्लॅस्टिकमागे टाचणीच्या डोक्याएवढे थेंब, काही तर ओघळून खाली टेपपाशी साचलेले. त्यानंतर त्यांनी पेंटरचं नाव काढलं नाही.

वाळताना भिंतीवर पांढरं पीठ यायला लागलं, ते बघून मामी घाबरल्या की बुरशी आली. तो लोणा. विटेतले, सिमेंटमधले क्षार पाण्यात विरघळून येतात आणि पाणी उडालं की मागे उरतात. ओळखायचं सोपं आहे, पाण्याचा थेंब टाकला की लोणा विरघळतो, बुरशी विरघळत नाही. पहिल्या टप्प्यात क्षार पृष्ठभागावर येतात, ते निरुपद्रवी, कोरड्या ब्रशने झाडायचे (ओल्या फडक्याने पुसले तर परत आत जातात). दुसऱ्या टप्प्यात मात्र ते पृष्ठभागाच्या मागे, गिलाव्याच्या आत स्फटिक बनवतात आणि वाढताना गिलावा आतून ढकलून फोडतात. शिवाय काही क्षार हवेतलं बाष्प ओढतात, साधं मीठ ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की स्वतःच पाणी होतं. त्यामुळे पूर्ण वाळलेल्या भिंतीवरही पावसाळी हवेत जुना डाग परत दिसतो आणि लोक म्हणतात पाईप परत फुटला. क्षार भरलेला गिलावा काढून नवा करणं एवढाच त्याचा उपाय.

बुरशीही होती, पण कपाटामागे. कपाट हलवलं तर मागे भिंतीवर बरोब्बर कपाटाच्या आकाराचा काळा आयत. तिथे हवा खेळत नव्हती, पृष्ठभाग सतत ओला. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतातच, ओल मिळाली की २४ ते ४८ तासांत ते वाढीला लागू शकतात, इथे तर सात महिने मिळाले होते. तो आयत बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, या घरात काहीतरी आहे, रात्री आवाज पण येतात. आवाज खरंच येत होते. लाकूड वाळताना आकसतं, तेही सगळ्या दिशांनी सारखं नाही, आडव्या दिशेने बरंच आणि लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही, त्यामुळे चौकटी आणि कपाटं ताणली जाऊन कडकड वाजतात. मला अशा बोलण्याचा राग एवढ्यासाठी येतो की भीतीपोटी घर पुन्हा बंद केलं जातं आणि बंद घर हेच तर बुरशीला हवं असतं. तसाच राग भिंतीवर लावायच्या त्या छोट्या डब्यांचा, म्हणे लहरी सोडून ओल जमिनीत परत ढकलतात. मायक्रॉनच्या छिद्रात पाण्याला धरून ठेवणारा दाब हवेच्या दाबाच्या जवळपास दीडपट असतो, तो उलटवणारी ताकद त्या डबीतून भिंतीत नेमकी कशी पोचते हे विकणाऱ्याला विचारा.

बुरशी साफ करताना एन-९५ मास्क, हातमोजे, आणि कोरडी घासायची नाही, बीजाणू घरभर उडतात. टाइल, काच, धातू साबणाच्या पाण्याने पुसून लगेच कोरडं केलं की पुरतं. ब्लीच ओतून काम होतं हा गैरसमज आहे, सच्छिद्र भिंतीत ते खोलवर काम करत नाही आणि मेलेली बुरशीही ॲलर्जी करतेच. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा अमोनिया असलेलं क्लीनर तर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. गादी आणि फुगलेलं प्लायवूड सरळ फेकलं. कपाटाची पाठ तर हाताने पानं उलटावीत तशी थर थर सुटून आली. दमा असलेल्या मामींना त्या दिवशी घरात येऊच दिलं नाही.

आणि एक वास भिंतीचा नव्हताच. बेसिन आणि नहाणीच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या पाईपमध्ये, पाणी साचून गटारातली हवा अडवलेली असते, बंद घरात ते पाणी उडून जातं आणि वास थेट घरात येतो. प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओतलं, अर्ध्या तासात तो गेला.

काल मामांचा परत फोटो आला. आता ते एकाखाली एक तीन चौकोन लावतात. वरचे दोन स्वच्छ आहेत, स्कर्टिंगजवळच्या तिसऱ्यात अजून धुरकट पापुद्रा धरतोय, थेंब नाहीत पण बोटाने पुसलं तर ओलं लागतं. मेन वॉल्व्हच्या दांड्याला त्यांनी लाल दोरी बांधलीय आणि पेंटरला पुढच्या महिन्यात फोन करतो म्हणून सांगितलंय.